योग्य अंतराबद्दल आभार

सरांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा पानातला भात निवत चालला होता आणि सर डोळे मिटून देवाचे आभार मानत होते. वसईतल्या सांडोरच्या कॅथलिक घरांत जेवणाआधी प्रार्थना असते, एवढं मला तोवर ठाऊक झालं होतं. पण सरांची प्रार्थना लांबतच गेली. अन्नाबद्दल आभार झाले, रांधणाऱ्या हातांबद्दल झाले. मग हवेबद्दल, विहिरीच्या गोड्या पाण्याबद्दल, पृथ्वी थोडी कललेली आहे त्याबद्दल, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, "सूर्यापासूनच्या योग्य अंतराबद्दल."

"आमेन," त्यांच्या पत्नी घाईघाईने म्हणाल्या आणि माझ्या पानात कालवण वाढलं. "टीचर, सुरुवात करा तुम्ही. अजून चंद्र राहिलाय त्यांचा."

चंद्र खरंच राहिला होता. तो सरांनी जेवता जेवता घेतला. चंद्र नसता तर भुईगावच्या किनाऱ्यावर भरती कशी केविलवाणी आली असती, हे त्यांनी मला आमटीच्या वाटीत बोट फिरवून दाखवलं. पत्नीने ती वाटी उचलून नेली आणि दुसरी आणून ठेवली. दोघांपैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

मी साताऱ्याकडची. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर माणिकपूरच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा वसईत मी कुणालाच ओळखत नव्हते. सर त्या शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, वाळलेले, मोठ्या कानांचे. सांडोरला त्यांची केळीची आणि भाजीची वाडी होती. सकाळी वाडीला पाणी देऊन ते शाळेत चालत यायचे आणि बहुधा पँटची एक बाजू घोट्यावर दुमडलेलीच राहायची. आम्ही टीचर लोक आपसांत बोलताना त्यांचं नाव घेत नसू. नुसतं 'सर' म्हटलं की तेच. बाकीच्या सरांना नावं होती.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते स्टाफरूममध्ये कडक पाळून घ्यायचे. हवेबद्दल तक्रार करायची असेल, तर आधी दुसरा ग्रह निवडायचा.

"काय उकाडा आहे हो," असं मी एकदा मे महिन्यात पदराने वारा घेत म्हणाले.

"कुठे जाता?" सरांनी वहीतून मान वर न करता विचारलं.

"कुठे म्हणजे? घरी."

"तसं नाही. शुक्रावर जाता की मंगळावर? हे आपले दोन शेजारी. शुक्राची भट्टी झालीय, तिथे शिसं वितळेल. मंगळ गोठलाय, आणि हवा इतकी विरळ, की शीळ घालायची म्हटली तर फुंकर पुरायची नाही. मधली जागा आपल्याला मिळालीय टीचर, आणि तुम्ही पदराने वारा घेताय."

त्यांच्या वर्गातली मुलंही या नियमात तयार झाली होती. एकदा शाळा तपासायला साहेब आले. सरांच्या वर्गात आल्याआल्या त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "बापरे, इथे बसवत नाही." पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच उठून उभा राहिला आणि अगदी अदबीने विचारता झाला, "साहेब, मग कुठल्या ग्रहावर जाता?" हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांना मात्र वाटलं, ही काहीतरी नवी अध्यापन पद्धत असावी. त्यांनी शेऱ्यात चांगलं लिहिलं.

वर्षाचा पहिला तास सर श्वासाचा घेत. फळ्यावर काहीच लिहीत नसत. सगळ्यांना नाक धरायला लावायचे आणि स्वतःही धरायचे. मुलांचे गाल फुगत, डोळे बाहेर येत, मग एकेक करून सगळी धापा टाकत सुटत. सर सगळ्यात शेवटी सोडत, कधीकधी हट्टाने इतके थांबत, की मुलंच ओरडत, "सर, घ्या! सर, घ्या ना!" मग ते छातीभर श्वास घेऊन म्हणत, "हे जे आत्ता घेतलंत ना, ते फक्त इथेच मिळतं. आता पुस्तक उघडा."

भूगोलात पहिल्या येणाऱ्याला ते बक्षीस द्यायचे ते केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं पिलू, मातीसकट. गावातली मुलं तो आनंदाने घेऊन जात. स्टेशनजवळच्या चाळीत राहणाऱ्या एका नोकरदाराच्या मुलीला तो मिळाला, तेव्हा तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे गॅलरी आहे नुसती. हे लावू कुठे?" सर विचारात पडले. मग त्यांनी त्या मुनव्याला आपल्याच वाडीत जागा दिली, आणि वर्षभराने घड लागला तेव्हा तो खांद्यावर टाकून चालत त्या चाळीत नेऊन दिला. त्या मुलीला तोवर भूगोल नावडता झाला होता. सरांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. केळी चांगली उतरली होती.

पुढे ऐंशीनंतर स्टेशनच्या बाजूला इमारती उठायला लागल्या आणि वाड्यांतल्या विहिरींवर पाण्याचे टँकर यायला लागले. सर तेव्हा निवृत्तीला आले होते. ते वाटेत छत्री आडवी धरून टँकर थांबवायचे आणि ड्रायव्हरला भूगोल शिकवायचे. खालचं गोडं पाणी उपसलं की बाजूचं खारं पाणी आत शिरतं, पृथ्वीवर एवढे समुद्र आहेत पण पिण्याजोगं पाणी म्हणजे नुसता शिंतोडा आहे, वगैरे. ड्रायव्हर बहुतेक परप्रांतातले. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्टरजी, आपको कहाँ छोड़ दूँ?" सर त्याच्या शेजारी बसून माणिकपूरपर्यंत आले आणि उरलेला धडा वाटेत पुरा केला. टँकर थांबले नाहीत. पण त्यांच्या गल्लीतल्या दोनतीन घरांनी आपल्या विहिरी द्यायच्या बंद केल्या, एवढं मी पाहिलं.

सरांचा आणखी एक विक्षिप्तपणा सगळ्या वसईला माहीत होता. भूगोलाचा हा मास्तर कधी खाडी ओलांडून पलीकडे गेला नव्हता. नायगावच्या पुढे पूल सुरू होतो, तिथवर त्यांचं जग. मुंबईला मुलांची सहल निघाली की सर आजारी पडत. कुणी छेडलं तर म्हणत, "मी रोज सूर्याभोवती फिरतोय, तेही न हलता. मला बोरिवली कशाला?" आम्ही हसायचो. इतकं छान उत्तर असलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

तो विचारायची वेळ एकोणऐंशीच्या पावसाळ्यात आली.

अमेरिकेने आकाशात सोडलेली स्कायलॅब नावाची प्रयोगशाळा तेव्हा खाली कोसळणार होती. एखाद्या मोठ्या घराएवढी असलेली ती वस्तू नेमकी कुठे पडेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. गावागावांत घबराट झाली. लोकांनी खुराड्यांतल्या कोंबड्या कापून खाल्ल्या. चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, एरवी न दिसणारे पुरुष रांगेत दिसू लागले. शाळेच्या फाटकाशी सुकी मासळी विकायला बसणारी बाई सरांना म्हणाली, "मास्तर, समुद्राचं पानी उकळनार म्हनतात. खरं काय?"

"नाही उकळणार," सर म्हणाले. "शुक्रावर असतं तर उकळलं असतं."

"शुक्रवारी नाय, आज बुधवारीच पडनार म्हनतात," बाई म्हणाली.

त्या बुधवारी वर्ग निम्मे रिकामे होते. बाहेर पाऊस लागून राहिला होता. मी शेजारच्या वर्गात होते आणि मधल्या लाकडी फळ्यांमधून सरांचा तास मला ऐकू येत होता. ते सातवीच्या मुलांची भीती घालवत होते, आणि मन लावून घालवत होते.

"आपल्या डोक्यावर काय आहे? कौलं. कौलांच्या वर? ढग. आणि त्याही वर? हवेचं छप्पर! बाहेरून रोज कितीतरी दगड पृथ्वीवर येतात आणि त्या हवेत घासून जळून जातात. चंद्राला हवा नाही, म्हणून बघा त्याच्या तोंडावर देवीचे व्रण. आपलं तोंड कसं आहे?"

"स्वच्छ!" मुलं ओरडली.

"आणि जळून जे उरेल, ते कुठे पडेल? हा गोल फिरवतो, बघा. निळं किती आहे? निळंच निळं. म्हणजे ते कुठे पडणार?"

"समुद्रात!"

"समुद्रात पडलं तर आपल्याला काय?"

"काही नाही!"

मग हसण्याचा कल्लोळ झाला, आणि त्या कल्लोळात एक रडणं ऐकू आलं. हसू हळूहळू थांबलं. रडणं थांबलं नाही. जरा वेळाने सर माझ्या दाराशी आले. हातात तो पृथ्वीचा गोल तसाच होता.

"टीचर, जरा येता का? मी काहीतरी भलतं बोललो."

भुईगावची सेलिना बाकावर डोकं ठेवून हुंदके देत होती. तिचे वडील बोटीवर खलाशी होते. मागच्या पत्रात त्यांनी कळवलं होतं, की जहाज आता ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागणार आहे.

सर तिच्या बाकाशी गुडघे टेकून बसले. गोल तिच्या मांडीवर ठेवला. "हे बघ, एवढा सगळा समुद्र. यात तुझ्या पप्पांचं जहाज केवढं? सुईच्या टोकाएवढंसुद्धा नाही. त्याच्यावर ते कसं पडेल? नाही पडणार."

"शंभर टक्के, सर?" तिने विचारलं.

"शंभर टक्के," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगितलं, की स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. सगळ्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. सर शाळेत आले ते छत्री विसरून, भिजत. सातवीच्या हजेरीत त्यांनी सेलिनाचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा घेतलं.

शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले, "मला एकट्याला जाववत नाही. तुम्ही चला." आम्ही भुईगावला गेलो. घरात सेलिनाची आजी कोपऱ्यात रोझरीचे मणी ओढत बसली होती. आईने आम्हाला बसायला दिलं. पाणी आणलं. ती आपल्या बोलीत भराभर काही बोलली, ते मला सगळं कळलं नाही. मग माझ्याकडे बघून तिने सावकाश शाळेच्या मराठीत सांगितलं, "पोरगी कालपासून जेवली नाही. म्हणते, सरांनी सांगितलं होतं."

सेलिना दाराआडून बघत होती. तिने रागाने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती.

सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी उद्या मुंबईला जातो," ते म्हणाले. "कंपनीच्या ऑफिसात विचारून येतो."

आजीचे मणी थांबले. सेलिनाच्या आईने माझ्याकडे पाहिलं. सर खाडी ओलांडत नाहीत, हे भुईगावलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारची गाडी धरली. डबा निम्मा रिकामा होता. सर खिडकीपासून लांब बसले. नायगाव गेलं, मिठागरं सुरू झाली आणि पुलाचा खडखडाट ऐकू आला, तसे त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. कपाळावर घाम आला. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. पण ओठ हलत नव्हते.

पूल संपल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच बोलायला लागले.

"लहान होतो, तेव्हा काकांबरोबर होडीतून पलीकडे निघालो होतो. मध्यावर वारा सुटला. मी होडीच्या तळाशी पडून राहिलो. काही झालं नाही. काका हसत होते. पलीकडे पोचलो, लग्नाला होतो, जेवलो. पण परत यायच्या वेळी मी होडीत चढेना. मला उचलून आणावं लागलं. काही झालं नाही म्हणून भीती जात नाही, टीचर. पोरीला मी हिशेब सांगत बसलो. एवढं मोठं पाणी, एवढंसं जहाज. मला स्वतःला कधी पटला का तो हिशेब?"

"मग ते सूर्याभोवती फिरायचं?" मी विचारलं.

"ते खरं आहे," सर म्हणाले. "पण ते लोकांना सांगायला काढलेलं आहे." आणि मग त्यांनी डोळे उघडले.

कंपनीचं ऑफिस बंदराजवळच्या एका जुन्या इमारतीत होतं. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आणि त्यावर टोचलेल्या बारीक निशाण्या, एकेक जहाजाची एकेक. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा वर सरकवून आमचं म्हणणं ऐकलं.

"जहाज बोललंय," ते म्हणाले. "सगळं ठीक आहे."

"बोललं म्हणजे?"

"वायरलेसवरून संदेश आलाय."

"ते पडायच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"नंतर म्हणजे रेडिओवर बातमी आली त्याच्या नंतर का? की..."

"मास्तर," गृहस्थ म्हणाले, "आज सकाळी बोललंय. सगळे सुखरूप आहेत. एक जण तेवढा आजारी आहे."

सरांनी टेबल धरलं. "कोण?"

"सेकंड ऑफिसर. दात दुखतोय त्याचा."

सर मटकन खुर्चीत बसले. गृहस्थांनी चहा मागवला. चहा होईपर्यंत सर त्या नकाशासमोर उभे राहून सगळ्या निशाण्या वाचत होते, आणि प्रत्येक जहाजावर किती माणसं असतात ते विचारत होते.

परतताना पुलावर त्यांनी एक डोळा उघडा ठेवला. मी बघितल्याचं त्यांच्या लक्षात आलं. "ओहोटी आहे," ते गंभीरपणे म्हणाले आणि तोही मिटला.

स्टेशनवरून आम्ही तसेच भुईगावला गेलो. सेलिना दारात उभी होती. तिची आई चुलीपाशी होती, ती हात न पुसताच बाहेर आली.

"पप्पा सुखरूप आहेत," सर म्हणाले.

"शंभर टक्के?" सेलिनाने विचारलं.

सर ओल्या पायरीवर तिच्यासमोर बसले. "परवा मी सांगितलं ते माझ्या डोक्यातलं होतं," ते म्हणाले. "आज मी विचारून आलोय. जहाज आज सकाळी बोललं. त्यांच्या एका साहेबाचा दात दुखतोय, हेसुद्धा सांगितलं त्यांनी."

दाताचं ऐकलं आणि तिचा विश्वास बसला. ती आत गेली आणि आईला म्हणाली, "भूक लागली." आजीने आम्हालाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी प्रार्थना आजीने म्हटली. ती फार थोडक्यात होती, आणि सरांनी तिच्यात काही जोडलं नाही.

त्यानंतर सर अधूनमधून पलीकडे जाऊ लागले, असं काही झालं नाही. पुढच्या सहलीला ते पुन्हा आजारीच पडले. वर्गात मात्र एक फरक पडला. पृथ्वीची थोरवी सांगून झाली, की ते थांबून विचारायचे, "कुणाच्या घरचं कुणी बोटीवर आहे का? डोंगरावर? खाणीत?" आणि मग पुढचं वाक्य बोलायचे.

नाताळाच्या सुट्टीआधी सेलिनाचे वडील घरी आले आणि सरांना भेटायला शाळेत आले. बुटके, रुंद खांद्यांचे, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेले. सरांचे आभार मानायचे होते, पण सरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "त्या वेळी तुम्ही कुठे होता? डेकवर? म्हणजे तुम्ही पाहिलंत?" आणि त्यांनी पाहिलंय असं कळताच सरांनी त्यांना हाताला धरून सातवीच्या वर्गात नेलं, फळ्यापुढे उभं केलं आणि स्वतः सेलिनाच्या बाकावर जाऊन बसले. मलाही हाक मारली. मी दारातच थांबले.

सेलिनाचे वडील आधी घुटमळले. मग सांगू लागले. अंधारात ते कामावरून वर आले होते, हवा घ्यायला. आकाश साफ होतं. एकाएकी एका बाजूने दिव्यांची रांग निघाली. पुढे एक मोठा दिवा, मागे बारीक बारीक, निळे, तांबडे. सावकाश गेले सगळे. एकेक विझत गेला.

"आवाज आला?" सरांनी हात वर करून विचारलं.

"आला सर. बऱ्याच वेळाने. गडगडल्यासारखा."

"रंग आधी निळा की आधी तांबडा?"

"आधी निळा वाटला."

"किती लांब असेल?"

"ते नाही सांगता येणार, सर."

"भीती वाटली?"

सेलिनाच्या वडिलांनी हातातली टोपी फिरवली. "तेव्हा नाही वाटली. चांगलं दिसत होतं. मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं, या रे, बघा रे म्हणून." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "भीती घरी आल्यावर वाटली. हिच्या आईने सांगितलं तेव्हा. मी तिकडे तोंड वर करून मजा बघत होतो, आणि इकडे ही न जेवता बसली होती."

सरांचा हात पुढच्या प्रश्नासाठी पुन्हा अर्धा वर गेला होता. सेलिनाने तो धरला आणि हलकेच खाली ओढला.

"सर, पुरे आता," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना बसू द्या."

सर उठले. वर्गात एकच खुर्ची होती, त्यांची स्वतःची. ती त्यांनी ओढून पुढे आणली, बसायची जागा आपल्या रुमालाने पुसली आणि सेलिनाच्या वडिलांना दिली.